सुरतेचे जहाजमालक आणि मुल्हेरची महमुदी

सुरतेचा विषय निघाला की आपण नाशिककर थेट कांचनबारीच्या खिंडीतल्या लढाईला पोचतो. ऑक्टोबर 1670 मध्ये दुसऱ्या सुरत मोहिमेवरून बागलाणमार्गे परतणाऱ्या शिवाजी महाराजांना दाऊदखान कुरेशीने आडवे येऊन गाठले, महाराजांनी त्याला मागे रेटले आणि खजिना सुखरूप पुढे गेला. मोगलांच्या चौकशीत त्या खेपेचा आकडा 66 लाख रुपये निघाला होता. लढाई आपल्याला पाठ आहे. पण एका बंदरात एवढे द्रव्य साठले कसे, आणि ते साठवणारे कोण?

उत्तराचा एक धागा आपल्याच जिल्ह्यात आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी सुरतेत रुपयासोबत महमुदी हे चांदीचे नाणे चाले. पाच महमुद्यांचे साधारण दोन रुपये. ती महमुदी मुल्हेर किल्ल्यावर, बागलाणच्या राजाच्या टांकसाळीत पाडली जात असे. सुरतेहून दौलताबादकडे जाणारी वाट याच मुलखातून होती. 1638 मध्ये औरंगजेबाने बागलाण घेतले, त्यामागे ही वाटही होतीच असे मला वाटते. किल्ला पाहायला जाणाऱ्यांनी तिथल्या टांकसाळीचीही आठवण काढावी.

विरजी व्होरा हा त्या काळातला सर्वांत मोठा सावकार. मिरीचा अख्खा साठा एकरकमी उचलायचा, इंग्रज कंपनीलाही कर्जाऊ पैसे द्यायचा. जानेवारी 1664 मध्ये महाराजांच्या पहिल्या सुरत मोहिमेत त्याचा वाडा लुटला गेला. इंग्रजांच्या वखारीला लागून राहणारा हाजी झाहिद बेग हाही तसाच धनाढ्य, त्याचीही तीच गत झाली. शहराचा मोगल सुभेदार तेव्हा किल्ल्यात दडून बसला होता. कर भरणाऱ्या व्यापाऱ्यांना त्याने उघड्यावर सोडले, हे विसरून चालणार नाही.

या पडझडीनंतर पुढे आला मुल्ला अब्दुल गफूर, खरा जहाजमालक. स्कॉटिश कप्तान अलेक्झांडर हॅमिल्टन त्याच्याबद्दल लिहितो, की हा एकटा माणूस इंग्रज कंपनीच्या तोडीचा व्यापार करी. वर्षाला वीसहून अधिक जहाजे तो पाठवी, प्रत्येक 300 ते 800 टनांचे, आणि कुठल्याही जहाजावर त्याचा स्वतःचा माल दहा हजार पौंडांपेक्षा कमी नसे. उन्हाळ्याच्या तोंडावर जहाजे तांबड्या समुद्रातल्या मोखा-जेद्दा बंदरांकडे निघत. नेताना कापड आणि हजचे यात्रेकरू, येताना सोने-चांदी. पावसाळा सरताना ती परतली की सुरतेचा बाजार हलू लागे. कापड विणणाऱ्यापासून हुंडी वटवणाऱ्या सराफापर्यंत सगळ्यांचे डोळे तापीच्या मुखाकडे लागलेले असत.

सप्टेंबर 1695 मध्ये परतीच्याच वाटेवर हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने गफूरचे फतेह मुहम्मदी हे जहाज पकडले, आणि थोड्याच दिवसांत खुद्द बादशहाचे गंज-ए-सवाई. सुरतेत हलकल्लोळ माजला. व्यापाऱ्यांच्या रेट्यापुढे युरोपीय कंपन्यांना जहाजांसोबत राखणीची गलबते देणे भाग पडले.

जमिनीवरचा आणि समुद्रावरचा धोका सोसून गफूर टिकला. 1718 मध्ये तो वारला तेव्हा मागे 85 लाखांची मालमत्ता होती म्हणतात. ती जप्त केली मोगल अधिकारी हैदर कुली खानाने. ज्या सरकारच्या छायेत व्यापार केला, त्याच सरकारचा हा हात होता. सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती हीच गोष्ट.

पुढे नातू मुहम्मद अली याने याचा धडा घेतला. राजाकडे असतो तसा किल्ला आपल्याकडेही असावा म्हणून त्याने तापीकाठी अठव्याला स्वतःचा धक्का आणि तटबंदी उभारली. सुरतेच्या कारभाऱ्यांना ती खुपली. 1730 च्या दशकात तो त्यांच्या कैदेतच मेला.