सत्याग्रह

अन्याय्य कायदा, आज्ञा किंवा रूढी यांचा प्रतिपक्षाला इजा न करता, उघडपणे आणि होणारी शिक्षा स्वतः सोसून केलेला प्रतिकार. असहकार, सविनय कायदेभंग, करबंदी, हरताळ व उपोषण ही त्याची रूपे सर्वपरिचित आहेत. या अर्थाने शब्द रूढ केला तो मोहनदास करमचंद गांधी यांनी, दक्षिण आफ्रिकेत. मात्र शब्दाचा जन्म आणि कृतीचा जन्म एकाच दिवशी झालेला नाही.

दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल वसाहतीत आठ वर्षांवरील प्रत्येक आशियाई व्यक्तीने बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी, असा अध्यादेशाचा मसुदा १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या निषेधार्थ ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात भारतीयांची सभा भरली. कायदा न पाळण्याच्या ठरावाला दुजोरा देताना शेठ हाजी हबीब यांनी तो ईश्वरसाक्ष शपथेने मंजूर व्हावा असे सुचवले. गांधी या सूचनेने प्रथम चमकले. मग उठून त्यांनी सभेला बजावले की, ठराव बदलता येतो, शपथ मोडता येत नाही. म्हणून, सगळे सोडून गेले आणि आपण एकटे उरलो तरी ती पाळण्याची तयारी असेल त्यानेच ती घ्यावी. उपस्थितांनी उभे राहून शपथ घेतली. त्या दिवशी या प्रतिकाराला स्वतःचे नाव नव्हते. ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ (निष्क्रिय प्रतिकार) हा इंग्रजी शब्दप्रयोगच चालू होता. इंग्लंडमधील १९०२ च्या शिक्षणविषयक कायद्याला विरोध म्हणून कर नाकारणाऱ्या नॉनकन्फर्मिस्ट (चर्च ऑफ इंग्लंडबाहेरील) ख्रिस्ती पंथीयांमुळे तो तेव्हा सर्वांच्या तोंडी होता.

पुढे गोऱ्यांच्या एका सभेत, भारतीय संख्येने थोडे, दुबळे आणि निःशस्त्र असल्यामुळे त्यांनी हा मार्ग धरला आहे, असे त्यांचे हितचिंतक हॉस्केन बोलून गेले. ‘दुबळ्यांचे शस्त्र’ हा अर्थ गांधींना मान्य होण्यासारखा नव्हता. इंडियन ओपिनियन या पत्रातून त्यांनी नव्या शब्दासाठी बक्षीस जाहीर केले. मगनलाल गांधी यांनी ‘सदाग्रह’ (सत् + आग्रह) हा शब्द सुचवला, आणि तो अधिक स्पष्ट व्हावा म्हणून गांधींनी त्याचा ‘सत्याग्रह’ केला. हा बदल साधारणतः १९०८ च्या आरंभी झाला असे मानता येते. ‘सदाग्रह’ म्हणजे चांगल्या कामाचा आग्रह; त्यात कर्त्याला आपले काम चांगले असल्याची खात्री आधीच असते. ‘सत्याग्रहा’त सत्य शोधायचे असते आणि ते प्रतिपक्षाकडेही काही अंशी असू शकते. गांधींनी स्वतः दिलेले कारण अर्थाच्या स्पष्टतेपुरतेच आहे, त्यामुळे हा भेद त्यांच्या मनात त्याच वेळी पुरता आकारला होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पुढच्या तीस वर्षांतील त्यांचे वर्तन मात्र या दुसऱ्या अर्थाला धरून आहे.

कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत ती अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांच्याकडून आल्याचे मानते. थोरो यांनी डोईपट्टी नाकारून १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली आणि १८४९ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधाचा सारांश इंडियन ओपिनियनमध्ये सप्टेंबर १९०७ मध्ये छापला गेला, म्हणजे एम्पायर नाट्यगृहातील शपथेला तेव्हा वर्ष होत आले होते. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे कोदंड राव यांना १९३५ मध्ये लिहिलेल्या पत्रात गांधींनी हे मत चुकीचे ठरवले आहे: निबंध हाती येण्यापूर्वीच लढा बराच पुढे गेलेला होता. लिओ टॉल्स्टॉय यांचा प्रभाव अधिक जुना आहे व तो गांधींनी मोकळेपणाने मान्य केला. दुसरे मत देशी परंपरेकडे बोट दाखवते. घरपट्टीविरुद्ध बनारसच्या रहिवाशांनी १८१०–११ मध्ये व्यवहार बंद ठेवून केलेल्या प्रतिकाराचे दप्तर धर्मपाल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून या मताला बळ आले. गांधींच्या हिंद स्वराज्य (१९०९) या पुस्तकातही राजाच्या आज्ञेने दुखावलेले गावकरी गाव सोडून निघाले आणि राजाने माफी मागितली, अशी एका छोट्या संस्थानातली आठवण आहे. या परंपरेतील ‘धरणे’ मात्र गांधींना नको होते. कलकत्त्याच्या काही विद्यार्थ्यांनी इतरांची वाट अडवण्यासाठी ते वापरले तेव्हा, १९२१ मध्ये, त्यांनी त्याला रानटीपणा म्हटले. दाराशी अडून बसल्याने समोरच्याची कोंडी होते, मन बदलत नाही, हा त्यांचा आक्षेप. साधन देशी आणि त्यावरची कसोटी नवी, असे मानणे पुराव्याला अधिक धरून दिसते.

ही कसोटी कोणती, हे पंजाबातील १९१९ च्या दंगली व गोळीबार यांची चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढील गांधींच्या साक्षीत (अहमदाबाद, जानेवारी १९२०) उत्तम उलगडते. सत्य काय हे कोणी ठरवायचे, असे समितीचे सदस्य सर चिमणलाल सेटलवाड यांनी विचारले. ज्याने त्याने, असे उत्तर आले. मग गोंधळ होणार नाही का? माणसागणिक सत्य वेगळे दिसते, म्हणूनच अहिंसा अपरिहार्य ठरते, असे गांधींनी सांगितले. आपली चूक असेल तर तिचे दुःख आपल्यालाच व्हावे, दुसऱ्याला नव्हे. सत्याग्रहाच्या तत्त्वज्ञानाचे मर्म या एका युक्तिवादात आहे आणि त्याच्या टीकाकारांनी त्याला पुरेसे उत्तर दिलेले नाही. गुजरातेत धारासणा येथे मिठाच्या सत्याग्रहात २१ मे १९३० रोजी ते डोळ्यांना दिसले. स्वयंसेवकांची एक रांग मिठागराच्या काटेरी कुंपणाकडे चालत जाई, लोखंडी टोकाच्या लाठ्या डोक्यावर पडत, वार चुकवायला एकही हात वर होत नसे; पडलेल्यांना उचलून नेले की दुसरी रांग निघे.

महाराष्ट्रात पुण्याजवळच्या मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध रामनवमीला, १६ एप्रिल १९२१ रोजी, कामाच्या जागी बसून सत्याग्रह आरंभला. पुढे त्याचे नेते सेनापती बापट यांनी शस्त्र घेऊन रेल्वे अडवली, आणि अहिंसेची मर्यादा कोठवर, हा वाद उभा राहिला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याची मिठागरे गाजली. त्याच वर्षी बिळाशी, चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाले.

महाडच्या सत्याग्रहाला स्वतंत्र स्थान द्यावे लागते, कारण येथे प्रतिपक्ष परके सरकार नसून शेजारी होता. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने पूर्वीच केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंजळीने पाणी पिऊन तो अमलात आणला, इतकेच. त्यानंतर, महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेल्यांवर गावात हल्ले झाले. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले अनेक जण होते आणि ते हात उगारण्याची परवानगी मागत होते. आंबेडकरांनी ती दिली नाही. सनातन्यांनी पंचगव्य मिसळलेल्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. डिसेंबरमधील दुसरा सत्याग्रह न्यायालयाच्या मनाईमुळे तहकूब झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. आंबेडकरांची मांडणी गांधींची नव्हती. ज्या कार्याने लोकसंग्रह (समाजाचे धारण व हित) होतो ते सत्कार्य आणि त्यासाठीचा आग्रह तो सत्याग्रह, अशी व्याख्या त्यांनी गीतेच्या आधारे केली. ती ‘सदाग्रहा’च्या अधिक जवळची आहे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू होऊन काही वर्षे चालला, पण तेव्हा दार उघडले नाही.

आचार्य शं. द. जावडेकर यांनी सत्याग्रह व समाजवाद यांची सांगड घातली. विनोबा भावे १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले.

गोव्यात राममनोहर लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे सभाबंदी मोडली. मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे व सेनापती बापट यांची तुकडी सरहद्द ओलांडून गेली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या व अनेक जण ठार झाले. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मधील लष्करी कारवाईने.