पेंढ्याची भिंत भट्टीसमोर

गावाकडे कडब्याची गंजी पेटलेली ज्याने पाहिली आहे, त्याला 'पेंढ्याचं घर बांधतोय' म्हणून सांगा. तो आधी तुमच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. तरी अमेरिकेतल्या नेब्रास्कात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशी घरं उभी राहिली. वाळूच्या टेकड्यांचा मुलूख, लाकडाची वानवा, आणि घोडे जुंपून गठ्ठे बांधायची यंत्रं हाताशी. लोकांनी गठ्ठे विटांसारखे रचले आणि दोन्ही अंगांनी लिंपले. आर्थर गावातलं 1928 सालचं असं एक चर्च आजही उभं आहे.

ते पेटत कसं नाही? वर्तमानपत्राचं सुटं पान काडी लावताच भसकन पेटतं. तेच पान सुतळीने करकचून बांधलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यात असलं, की कडा काळवंडतात, धूर निघतो, पण आतल्या बातम्या वाचता येतात. आगीला जळणाइतकीच हवाही लागते. दाबलेल्या पेंढ्यात हवा खेळत नाही आणि गिलावा बाहेरची आत येऊ देत नाही. वरच्या थराचा कोळसा होतो, त्यातून उष्णता फार सावकाश पुढे सरकते.

2006 साली अमेरिकेत अशा भिंती चाचणीच्या भट्टीला लावल्या. तिथे 'जळतं का?' हा प्रश्नच नसतो. किती वेळ तग धरतं, एवढंच बघतात. भट्टी तासाभरात 927 अंश सेल्सिअसला पोचते. पलीकडच्या अंगाचं सरासरी तापमान सुरुवातीपेक्षा 139 अंशांहून जास्त चढलं, की भिंत नापास. वर तापलेल्या भिंतीवर पाण्याचा जोरदार झोत मारतात, तो वेगळाच. मातीने लिंपलेली भिंत एका तासाला पास झाली, सिमेंटच्या गिलाव्याची दोन तासांना. 2015 च्या तिथल्या निवासी बांधकाम संहितेत तर पेंढ्याच्या घरांसाठी स्वतंत्र परिशिष्टच आलं.

जाड लाकडाचंही असंच. तुळई मिनिटाला साधारण 0.65 मिलिमीटर कोळसत जाते, म्हणजे अर्ध्या तासात एका बाजूने दोन सेंटिमीटर. तेवढी जाडी आधीच वाढवून ठेवता येते. उघडं पोलाद मात्र 600 अंशांच्या आसपास निम्म्याहून जास्त ताकद घालवून बसतं, आणि ते जळत नाही म्हणून आपण निर्धास्त!

आपल्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घरांत तुळयांवर किलचण (लाकडाच्या चिरफळ्या), त्यावर पाला, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. वरून पडलेली ठिणगी मातीतच विझते. आतून लागलेल्या आगीपुढे मात्र उघड्या लाकडाला असं कवच नसतं. 1828 च्या आगीत शनिवारवाड्याचे लाकडी मजले गेले. जोती आणि तटबंदी उरली.

पेंढ्याच्या घराला खरा धोका बांधकाम चालू असताना. भिंत अजून लिंपलेली नाही, खाली भुसकट पडलंय आणि शेजारी वेल्डिंग चाललंय. म्हणून जाणते गवंडी रोज संध्याकाळी आधी झाडू मारून घेतात. फटीतून आत गेलेली ठिणगी ज्वाळा न दाखवता तासन्‌तास धुमसते. बाहेरून मारलेलं पाणी गठ्ठ्यात धड शिरत नाही. मग भिंत फोडून एकेक गठ्ठा बाहेर ओढावा लागतो.