लाल शाईत संपलेलं साप्ताहिक

रशिया-जपान युद्ध आपल्याकडे आठवतं ते एका आशियाई देशाने युरोपीय सत्तेला हरवलं म्हणून. त्याच युद्धाला टोकियोत बसून विरोध करणारं एक साप्ताहिक होतं, याची मात्र फारशी आठवण निघत नाही.

'हेइमिन शिम्बुन', म्हणजे सामान्यजनांचं वृत्तपत्र, जन्मलं ते एका राजीनाम्यातून. 'योरोझु चोहो' हे तेव्हा टोकियोतलं खपाचं दैनिक. भानगडी छापणारं, तरी युद्धाच्या विरोधात असलेलं. ऑक्टोबर 1903 मध्ये मालक-संपादक कुरोइवा रुइको यांनी भूमिका फिरवून युद्धाची बाजू घेतली आणि समाजवादी पत्रकार कोतोकु शुसुइ, साकाइ तोशिहिको व ख्रिस्ती विचारवंत उचिमुरा कान्झो बाहेर पडले. कोतोकु आणि साकाइ तिशीतले होते, पण वृत्तपत्रांत मुरलेले. मित्रांकडून पैसे उभे करून त्यांनी टोकियोच्या युराकुचो भागात बिऱ्हाड मांडलं आणि 15 नोव्हेंबरला पहिला अंक काढला. तो आठेक हजार खपला.

फेब्रुवारी 1904 मध्ये युद्ध पेटलं. मार्चमध्ये या साप्ताहिकाने रशियातल्या समाजवाद्यांना उघड पत्र लिहिलं : आपण एकमेकांचे शत्रू नाही, दोघांचा शत्रू एकच, लष्करशाही आणि तिला चिकटलेलं देशप्रेम. एवढं छापूनही सरकारने लगेच हात उगारला नाही. गंमत पुढेच आहे. दोन आठवड्यांनी युद्धासाठी वाढवलेल्या करांवर अग्रलेख आला आणि साकाइ दोन महिने तुरुंगात गेले. तत्त्वज्ञान सरकारला चाललं, खिशाला हात घातलेला चालला नाही, असंच म्हणावं लागेल.

ऑगस्टमध्ये टॉलस्टॉयचा युद्धविरोधी लेख भाषांतरित करून छापला. नोव्हेंबरात वर्धापनदिनाच्या अंकात 'कम्युनिस्ट जाहीरनामा' पहिल्यांदाच जपानीत आला, तोही पूर्ण नव्हे. अंक जप्त झाला. त्याआधीच्या अंकातल्या लेखांवरूनही खटले झाले. त्यांत कोतोकुंना पाच महिन्यांची कैद झाली आणि छापखान्याचं यंत्र जप्त करण्याचा हुकूम निघाला. बंदीची वाट न पाहता मंडळींनी स्वतःच पडदा पाडला. 29 जानेवारी 1905 चा 64 वा अंक सगळा लाल शाईत निघाला. मार्क्सने 1849 मध्ये आपल्या वृत्तपत्राचा शेवटचा अंक असाच लाल छापला होता.

लगोलग याच मंडळींनी 'चोकुगेन' हे साप्ताहिक हाती घेतलं. सप्टेंबरमध्ये रशियाशी झालेल्या तहाच्या अटी जपानच्या पदरात फार कमी टाकतात म्हणून टोकियोत दंगल उसळली, मार्शल लॉ लागला आणि त्या धामधुमीत 'चोकुगेन'ही बंद पाडण्यात आलं.