शेडकार्डावर लिंबू, भिंतीवर हळद

गेल्या महिन्यात घराला रंग काढला. मुलीच्या खोलीसाठी दोनच रंग उरले होते, फिका लिंबू पिवळा नाहीतर नेव्ही ब्लू. पिवळा ठरला आणि दुसरा हात मारून होईपर्यंत घरातले सगळे पेंटरवर घसरले, डबा बदलला म्हणे, लिंबू सांगितला होता आणि हळद लावलीय! डबा तोच होता, झाकणावरचा नंबर मी स्वतः ताडून बघितला.

होतं काय, तर उजेड भिंतीवर एकदाच पडून डोळ्यात येत नाही, तो या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत फिरतो. समजा हा पिवळा रंग लाल-हिरव्या प्रकाशातला ९०% परत फेकतो आणि निळ्यातला ५०%. पहिल्या आपटीनंतर निळा उरला ५०, तिसऱ्यानंतर साडेबारा, आणि लाल-हिरवा तेव्हाही ७३. निळा गळत गेला की उरलेला उजेड जास्त जास्त पिवळा होतो आणि तोच परत पिवळ्या भिंतीवर पडतो. शेडकार्डाची पट्टी मधोमध दुमडून व्ही करा, आतली घडी बाहेरच्यापेक्षा गडद दिसेल. खोलीचे कोपरे म्हणजे हीच घडी.

नेव्ही ब्लूचं उलटं. तो जेमतेम १०% परत फेकतो, म्हणजे दुसऱ्या आपटीला उरतो फक्त १%. रंग शेडकार्डासारखाच राहतो, पण खोलीतला उजेड जातो. इथे भूमितीय श्रेढी कामाला येते, १ + र + र² असं अनंतापर्यंत, बेरीज १/(१−र), र म्हणजे दर आपटीला परत येणारा वाटा, ८०% असेल तर ०.८. सगळीकडून ८०% परत आला तर एकूण उजेड ५ पट, १०% आला तर १.१ पट, बल्ब तोच! खऱ्या खोलीत छत पांढरं असतं, खिडकी-कपाट असतं, म्हणून फरक एवढा पडत नाही, पण पडतो.

आणि वास्तूवाले दिशेवरून रंग सांगतात त्याला काही आधार नाही, दिशेचा संबंध ऊन कधी आणि कुठून येतं एवढाच.

पिवळा हवा असेल तर कार्डावर आवडला त्याहून दोन घरं फिका घ्या. निळा हवाच असेल तर खिडकी ज्या भिंतीत आहे तिलाच द्या, दिवसा तिच्यावर थेट उजेड पडतच नाही, त्यामुळे नुकसान सगळ्यात कमी. आम्ही आता तेच केलंय, बाकी तीन भिंती ऑफ व्हाइट.