मार्सालिसांचे सहा मुलगे

न्यू ऑर्लिन्सच्या एलिस आणि डोलोरेस मार्सालिस या दांपत्याला सहा मुलगे. थोरला ब्रॅनफर्ड सॅक्सोफोन वाजवतो, दुसरा विंटन ट्रम्पेट, चौथा डेल्फियो ट्रॉम्बोन आणि शेंडेफळ जेसन ड्रम्स व व्हायब्राफोन. पियानोवर वडील असायचे. बाहेरचा फक्त बासवाला बोलावला की घरचा बँड तयार! अमेरिकेतला 'जॅझ मास्टर' हा सन्मान एरवी एकेका कलावंताला मिळतो; २०११ साली तो या बापलेकांना मिळून दिला गेला. तिसरा मुलगा, वडिलांच्याच नावाचा एलिस, मात्र छायाचित्रकार आणि कवी झाला. पाचव्या एम्बोयाला ऑटिझम आहे. तोही या बँडमध्ये नाही. 'रक्तातच आहे हो त्यांच्या' असं म्हणून मोकळं होणाऱ्यांनी निदान तिसऱ्याचा तरी हिशेब द्यायला हवा. आईबाप तेच, घर तेच, कानावर पडणारं संगीतही तेच.

प्रतिभा वंशपरंपरेने येते, हे दाखवायला इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८६९ साली जर्मनीतल्या बाख या संगीतकारांच्या घराण्याकडे बोट दाखवलं होतं. पण बाखच्या घरात रक्त आणि वाद्यं एकाच छपराखाली नांदत होती. कशाचं श्रेय कशाला द्यायचं, हे तिथे वेगळं करताच येत नाही. मार्सालिसांची गंमत अशी की वडिलांच्या बाजूने एकच पिढी मागे गेलं की वादक सापडत नाही, हॉटेलमालक सापडतो. आजोबा एलिस थोरले मोटेल चालवत. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीय प्रवाशांना गोऱ्यांच्या हॉटेलांचे दरवाजे बंद असत, त्यामुळे मार्टिन ल्यूथर किंग, गायक रे चार्ल्स अशी मंडळी त्यांच्याकडे उतरत.

त्यांचा मुलगा एलिस (१९३४–२०२०) आधी क्लॅरिनेट, मग टेनर सॅक्सोफोन करत पियानोवर स्थिरावला. त्याला ओढ आधुनिक जॅझची, आणि शहरात येणाऱ्या पर्यटकांना हवा जुन्या न्यू ऑर्लिन्सचा बाज. म्हणजे मुलांनी लहानपणी जे पाहिलं ते यश नव्हतं. वडील रोज मन लावून वाजवतात आणि पैसा बेताचाच येतो, हे पाहिलं. मला या साऱ्या कहाणीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

साठच्या दशकाच्या अखेरीस एलिस पोटापाण्यासाठी अल हर्ट या लोकप्रिय ट्रम्पेटवादकाच्या बँडमध्ये होते. या हर्टनेच सहा वर्षांच्या विंटनला ट्रम्पेट दिला. पोराने तो काही लगेच मनावर घेतला नाही. आठव्या वर्षी फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चमध्ये बँजोवादक डॅनी बार्कर यांनी उभ्या केलेल्या मुलांच्या बँडमध्ये तो वाजवू लागला, पण खरा रियाज सुरू झाला बाराव्या वर्षाच्या आसपास. आणि चौदाव्या वर्षी तो न्यू ऑर्लिन्स फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर अभिजात संगीतकार हायडनचा ट्रम्पेट कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने एकट्या ट्रम्पेटने वाजवायची रचना, वाजवत होता!

इथे मेंदूविज्ञान आडवं येतं. मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धगोलांना जोडणारा चेतातंतूंचा जाड पट्टा म्हणजे कॉर्पस कॅलोसम. गॉटफ्रीड श्लाउग आणि सहकाऱ्यांना १९९५ साली असं दिसलं की सातव्या वर्षाच्या आत वाद्य हाती घेतलेल्या वादकांमध्ये याचा पुढचा भाग मोठा असतो. पण लवकर सुरुवात करणाऱ्याचा एकूण सरावही जास्त होतो, मग श्रेय वयाचं की तासांचं? माँट्रियलच्या संशोधकांनी २०१३ साली दोन्ही गटांचा अनुभव सारखा राहील अशी निवड करून तपासलं. तरीही लवकर शिकलेल्यांच्या कॉर्पस कॅलोसममधली जोडणी वेगळी निघाली.

मग बाराव्या वर्षी जागा झालेल्या विंटनचं काय? माझ्या मते उत्तर हातांत नाही, कानांत आहे. दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या तान्ह्या बाळांना ठेका ऐकवला आणि मधूनच मात्रांतला मुख्य ठोका गाळला, तर त्यांच्या मेंदूत 'काहीतरी चुकलं' अशी विद्युतलहर उमटते, असं २००९ च्या एका प्रयोगात दिसलं. लयीची अपेक्षा बांधण्याची सोय माणूस जन्मतःच घेऊन येतो. घर तिला खाद्य पुरवतं. वाद्य कोपऱ्यात पडून असलं तरी विंटनचा कान घरात रोज कामाला होता.

पण कान तयार असला म्हणजे पोरगं रियाजाला बसेलच असं नाही. स्वीडनमधल्या दहा हजारांहून अधिक जुळ्यांवर झालेल्या २०१४ च्या अभ्यासाने इथे मोठी पंचाईत केली: सराव करण्याची वृत्तीसुद्धा बऱ्याच अंशी, अंदाजे ४० ते ७० टक्के, आनुवंशिक फरकांशी जोडलेली निघाली. शिवाय एकसारख्या जुळ्यांपैकी एकाने कितीतरी जास्त सराव केला असला, तरी सूर, चाल आणि लय यांतले फरक ओळखण्यात तो दुसऱ्याच्या पुढे नव्हता. यावरून 'रियाज व्यर्थ' असा मथळा करणं सोपं आहे, पण चूक. त्या चाचणीत फक्त ऐकायचं होतं. ट्रम्पेट ओठांना लावून हायडन वाजवायला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि जॅझमध्ये तर ठरलेलं वाजवून भागत नाही, उपज लागते. चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राउन यांनी २००८ साली सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात आडवं करून, लोहचुंबकाला न जुमानणारा ३५ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड मांडीवर दिला. पाठ केलेलं वाजवताना आणि उत्स्फूर्त वाजवताना मेंदूचं चित्र वेगळं होतं. उपजेच्या वेळी कपाळामागचा, स्वतःवर पहारा ठेवणारा बाजूचा भाग मंदावत होता आणि मधला, स्वतःचं काही सांगण्याशी जोडला जाणारा भाग जागा होत होता. लिंब यांच्याच गटाने पुढे दोन वादकांना चार-चार मात्राखंडांचे सवाल-जवाब करायला लावले, तेव्हा भाषेतल्या वाक्यरचनेशी संबंधित भाग उजळले. शब्दार्थाशी संबंधित भाग मात्र उलट शांत झाले.

एका घरात वाढलेल्यांचा सवाल-जवाब जास्त रंगतो का, हे या प्रयोगांनी तपासलेलं नाही. मार्सालिस भावांनी एकमेकांना धरून ठेवलंय असंही नाही. ब्रॅनफर्ड विंटनच्या बँडमध्ये होता. १९८५ मध्ये तो पॉप गायक स्टिंगबरोबर निघून गेला आणि विंटन चांगलाच बिनसला. विंटनने पुढे १९९७ साली संगीताचं पुलित्झर मिळवलं. जॅझ रचनेला ते प्रथमच मिळत होतं. डेल्फियोने वादनाइतकंच नाव ध्वनिमुद्रणाच्या निर्मितीत कमावलं. एकाच घरातून चार स्वभाव बाहेर पडले.

रक्ताच्या युक्तिवादाला खरा धक्का घराबाहेर बसतो. एलिस १९७४ पासून न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी कलाशाळेत शिकवू लागले. त्यांच्या हाताखाली टेरेन्स ब्लँचर्ड, डोनाल्ड हॅरिसन आणि हॅरी कॉनिक (धाकटे) तयार झाले. कॉनिकचे वडील शहराचे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे मुख्य सरकारी वकील होते! ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या 'जॅझ मेसेंजर्स' या बँडमधली विंटनची जागा १९८२ मध्ये रिकामी झाली, तेव्हा ती ब्लँचर्डने भरली. मुलाची खुर्ची शिष्याकडे गेली, तरी शिकवणारा तोच.

आपल्याकडेही जॅझ रुजला तो मोठ्या प्रमाणात असाच, शाळेतून. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातल्या चर्चच्या शाळा पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत; तीच पोरं पुढे मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात दिसली. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांचा सहायक होता. त्याची मुलगी इव्हॉन जॅझ गाऊ लागली आणि जावई मिळाला तो सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस.