संगणक सुरू होत नसेल तेव्हा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘संगणक सुरू होत नाही’ या एकाच तक्रारीमागे अगदी वेगवेगळे बिघाड असू शकतात. म्हणून तो दुकानात आणण्यापूर्वी नेमका कोठे अडतो, एवढे ग्राहकांनी पाहून ठेवावे, अशी विनंती आहे.

बटण दाबूनही दिवा लागत नसेल आणि पंखा फिरत नसेल, तर त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का ते पाहावे. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधील वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागचे लहान बटणही तपासावे, कारण झाडलोट करताना ते चुकून बंद झालेले आम्हाला अनेकदा आढळले आहे. २३० व्होल्टचा पुरवठा घेऊन आतील भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देणारा हा भाग व्होल्टेज कमी-जास्त होत राहिल्यास खराब होतो. प्लग काढल्यानंतरही त्यात वीज साठून राहते, त्यामुळे तो घरी कधीही उघडू नये.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी आधी मॉनिटरची केबल घट्ट बसवावी. त्यानंतर संशय रॅमवर, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर, येतो. प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून रॅम बाहेर काढावी, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि खटका बसेपर्यंत ती पुन्हा दाबावी. बीप वाजत असतील तर त्यांचा आवाज मोबाइलवर टिपून आणावा. मदरबोर्डनुसार, म्हणजे आतील मुख्य सर्किट बोर्डानुसार, त्यांचा अर्थ बदलतो.

सुरू होऊन काही मिनिटांत आपोआप बंद पडणारा संगणक बहुधा तापलेला असतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि जिनिंगजवळच्या दुकानांत तर धुळीबरोबर कापसाचे तंतूही प्रोसेसरच्या पंख्यात गच्च बसतात.

दरवेळी तारीख मागे जाऊन एफ१ दाबण्याची सूचना येत असेल, तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल, बहुतेक वेळा सीआर २०३२, बदलणे पुरेसे असते.

कंपनीचे चिन्ह दिसून विंडोज मध्येच अडत असेल, तर प्रथम पेनड्राइव्ह काढावा. लागोपाठ दोनदा अपयश आल्यावर विंडोज १० व ११ स्वतःच दुरुस्तीचा पर्याय दाखवतात. तेथे ‘स्टार्टअप रिपेअर’ निवडावे आणि बिघाड अपडेटनंतर उद्भवला असल्यास ते अपडेट काढून पाहावे. बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी की मागितली गेल्यास ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधावी. ती आमच्याकडे नसते आणि आम्हाला तयारही करता येत नाही.

‘फॉर्मॅट मारून द्या’ असे सांगण्याची घाई मात्र करू नये, कारण फॉर्मॅटने डिस्क पुसली जाते आणि टॅलीचा वर्षभराचा हिशेब कित्येकदा त्याच डिस्कवर असतो. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास संगणक लगेच बंद करावा आणि पुन्हा सुरू करून पाहू नये.

दुरुस्तीसाठी डेस्कटॉपचे फक्त कॅबिनेट आणावे. लॅपटॉप असल्यास त्याचा चार्जर न विसरता सोबत आणावा.