उशिरा पडणारं पहिलं पाऊल

एरवी मुलं वर्षाच्या आगेमागे चालू लागतात. डाऊन सिंड्रोम ही जन्मजात अवस्था असलेली बरीचशी मुलं दोन वर्षांच्या सुमारास पाऊल टाकतात, काहींना तिसरं वर्षही उलटतं. ‘त्याला समजच कमी, म्हणून चालत नाही,’ असं घरातली मोठी माणसंसुद्धा सहज बोलून जातात. या समजुतीची मुळं फार जुनी आहेत.

१८६६ साली इंग्लंडमधल्या अर्ल्सवुडच्या, बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या संस्थेतले डॉक्टर जॉन लँगडन डाऊन यांनी या मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात भर होता चेहरेपट्टी आणि बुद्धीवर, आणि पुढे लोकांच्या लक्षात राहिलं तेही तेवढंच. खरं तर शिस्तशीर सरावानं या मुलांच्या हालचाली पुष्कळ सुधारतात, हेही त्याच लेखात होतं! १९५९ साली एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत सापडली आणि या अवस्थेचं कारण कळलं. पण पाय का अडतात, याचं उत्तर अंगाला हात लावूनच मिळणार होतं.

ते फिजिओथेरपिस्टनी शोधलं. काखेत हात घालून असं बाळ उचलून पाहा, ते हातातून निसटतंय असं वाटतं. स्नायू ढिले, सांधे सैल. निजवलं की मांड्या बेडकासारख्या फाकतात. उभं केलं की तोल साधायला ते पाय फाकवतं, पावलं बाहेर वळवतं, गुडघे मागे ताणून ताठ करतं. गुडघा वाकल्याशिवाय पाऊल कसं उचलणार? त्यात हातपाय धडाच्या मानानं आखूड, म्हणजे बसून हात टेकायचा तरी पुढे झुकावं लागतं. नुसता पांगुळगाडा आणून हे सुटत नाही.

जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयविकार असतो. दूध पितानाच दम लागतो तिथे रांगायला ताकद कुठून आणायची?

१९८६ मध्ये बालविकासाच्या अभ्यासक एस्थर थेलन यांनी दाखवलं, की ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर उभं धरलं तर सात महिन्यांचं बाळही पावलं टाकतं. त्याच वाटेनं संशोधक डेल उलरिक यांनी डाऊन सिंड्रोम असलेली ३० बाळं घेतली. फिजिओथेरपी सगळ्यांचीच चालू होती. निम्म्यांच्या घरी छोटी ट्रेडमिल दिली. बाळ अर्धा मिनिट आधाराशिवाय बसू लागलं की आईवडिलांनी त्याला पट्ट्यावर धरायचं, रोज आठ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. २००१ साली निष्कर्ष छापून आले. ही बाळं इतरांपेक्षा सरासरी १०१ दिवस आधी, कुणाचा हात न धरता चालली.